विश्लेषण : लिस्बनचा ‘फादो’ गोव्यात पुन्हा कसा रुजला?

गोव्यातील पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली. शाळांतून पोर्तुगीज भाषा गेली आणि घरगुती बैठकांत गायला जाणारा फादोही मागे पडला. आज मात्र पणजीत लोक तिकीट काढून फादो ऐकतात आणि तो गाणाऱ्यांत आघाडीचे नाव आहे सोनिया शिरसाट. मंडईच्या रात्री गंमत ठेवायची की ऑर्केस्ट्रा, हा प्रश्न पडणाऱ्या भंडारा जिल्ह्याने ही गोष्ट नीट पाहावी.

फादो म्हणजे काय?

आर्त सुरामुळे तो मध्ययुगीन वाटतो, पण तेवढा जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्बनच्या गरीब वस्त्यांत तो घडला. त्याची पहिली गाजलेली गायिका मारिया सेवेरा १८४६ मध्ये, ऐन तारुण्यात वारली. एक गायक, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साथीला साधी गिटार, एवढाच सरंजाम. दिवे मंद होतात, श्रोते कुजबुजतही नाहीत. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

तो टिकतो कशावर?

पारंपरिक फादोच्या चाली ठरलेल्या असतात, शब्द बदलतात. ‘मोरारिया’ या चालीत बसेल अशी नवी कविता कोणीही गावी. आपला शाहीर जुन्या चालीवर नवे कवन बांधतो, तसेच हे. चाली हातात बसलेला वादक कुठल्याही गायकाला साथ करू शकतो. अडते ते अशा वादकावाचून. गोव्यात पोर्तुगीज गिटार वाजवणारे मोजकेच आहेत. शिरसाट यांनी मैफलींबरोबर फादो शिकवण्याच्या कार्यशाळाही घेतल्या, हा या साऱ्यातला खरा मोलाचा भाग. मैफलीची बातमी होते, कार्यशाळेची सहसा होत नाही!

भंडाऱ्यात हे जमेल?

गोव्याकडे पर्यटक आहेत, हॉटेले आहेत, पोर्तुगालशी जुने नाते आहे. खडी गंमत आणि दंडारीच्या वाट्याला दिवाळीनंतरची मंडई आणि गावची वर्गणी. पण चाली आहेत, झाडीबोली जिवंत आहे आणि प्रेक्षक रात्रभर बसायला तयार आहे. परकी भाषा गाणाऱ्या गोव्यातल्या फादोला हे भाग्य नाही. महोत्सवात पाऊण तासाची हजेरी लावून नवा ढोलकीवाला तयार होत नाही. जिल्हा नियोजनाचा पैसा मंडप आणि सत्कारावर खर्चण्याऐवजी जुन्या वादकांच्या मानधनावर खर्चावा आणि दिवाळीआधीचे चार महिने गावातल्या शाळेत संध्याकाळी त्यांचा वर्ग भरवावा.