चोरी दिसलीच नाही

त्रिपुरी काँग्रेसच्या १९३९ सालच्या अधिवेशनाची स्मृती म्हणून जबलपुरात उभे राहिलेले कमानिया गेट आजूबाजूच्या सराफ्यासाठीही ओळखले जाते. तेथे दागिना घेणारे गिऱ्हाईक काटा स्थिरावलेला डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पैसे मोजत नाही. चोरीच्या चित्रपटाचा प्रेक्षकही याच वृत्तीचा असतो. चोर सापडेल काय, यापेक्षा चोरी साधली कशी, याचे कुतूहल त्याला अधिक.

‘धूम’ (२००४) आणि ‘धूम २’ (२००६) या संजय गढवी दिग्दर्शित चित्रपटांनी हे कुतूहल बऱ्यापैकी जपले. पहिल्यात पिझ्झा पोचविणाऱ्या पोरांच्या वेषाआड दरोडेखोर लपले. दुसऱ्यात चोर मुंबईच्या संग्रहालयात पुतळा होऊन उभा राहिला. अतिशयोक्ती होती, पण युक्तीही होती.

विजय कृष्ण आचार्य यांच्या ‘धूम ३’ने (२०१३) गल्ला भरपूर जमविला, युक्ती मात्र वाऱ्यावर सोडली. शिकागोतील बँक लुटली जाते, नोटा आकाशातून बरसतात, नायक मोटारसायकलवरून निसटतो. पण तिजोरीपर्यंत तो पोचला कसा, हे पडद्यावर येतच नाही. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांकडील दोन किल्ल्यांनीच उघडते. एकट्याच्या मोहाला आवर बसावा, हा त्यामागील हेतू. येथे तर दोन जुळे भाऊ एकच माणूस म्हणून वावरतात! या कल्पनेची सांगड तिजोरीशी घातली असती, तर केवढे नाट्य रंगले असते!

याहून खोल उणीव नैतिक आहे. कर्जापायी सर्कस गमावण्याची वेळ आलेला बाप बँकेच्या अधिकाऱ्यांसमोरच प्राण देतो. हे दुःख खरे आहे. कर्जदाराचे म्हणणे सहानुभूतीने ऐकून न घेणाऱ्या प्रत्येक खुर्चीने त्यापुढे अंतर्मुख व्हावे. परंतु सूडाने पेटलेला मुलगा बँक बुडवू पाहतो, तेव्हा तिच्यातील पैसा कोणाचा, हा प्रश्न कथेला पडत नाही. तो निवृत्तांचा, विधवांचा, छोट्या दुकानदारांचाही असतो. भारतात २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत प्रति ठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंत आहे. त्यावरील रकमेचा घोर ठेवीदारालाच लागतो.

बापाच्या अश्रूंना पडद्यावर जागा मिळाली, ठेवीदाराला एकही दृश्य मिळाले नाही. सराफ्यातील चोखंदळ गिऱ्हाईक असा एकाच बाजूने तोललेला माल घेणार नाही. प्रेक्षकाने तरी का घ्यावा?