दूरचित्रवाणीचे ग्रहण: बंद पेटी की उघडे यंत्र?

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आपल्या घरी कोठून येतात, असा प्रश्न आज एखाद्या विद्यार्थ्यास विचारला, तर तो बहुधा ‘केबलवाल्याकडून’ किंवा ‘मोबाइलवरून’ असे उत्तर देईल. व्यवहारात हे उत्तर चुकीचे नाही. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. तरंग कोठून निघतो, तो कोण पकडतो, आणि त्यातून चित्र कसे उभे राहते, या तिन्ही गोष्टी आज एका काळ्या पेटीत बंद झाल्या आहेत. पेटी स्वस्त आहे, ती निमूटपणे काम करते, आणि म्हणूनच तिच्या आत डोकावण्याची इच्छा कोणास होत नाही. प्रत्येक शाळेने व सार्वजनिक ग्रंथालयाने निदान एक तरी ग्रहणयंत्र असे ठेवावे की, ज्याचे काम पायरीपायरीने पाहता येईल, असे माझे मत आहे. असे यंत्र उभारण्यास एक जुना संगणक, त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली, यूएसबीला जोडण्याचा एक लहानसा ट्यूनर आणि छपरावरची डिश एवढे साहित्य पुरते.

हे मत केवळ पुस्तकी वाचनातून बनलेले नाही. जयपूरच्या जवाहर नगरात माझ्या मावशीचे घर आहे. शहराच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी ही वसाहत वसली आहे. जन्म महाराष्ट्रात आणि संसार राजस्थानात, अशा मराठी माणसांना जी हुरहूर असते, तीच मावशीलाही आहे. संध्याकाळी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील मराठी बातम्या कानावर पडाव्यात, एवढीच तिची इच्छा होती. घरात एक जुना संगणक पडून होता. म्हणून मी जाताना बाजारातून एक स्वस्त यूएसबी ट्यूनर बरोबर घेऊन गेले. तो संगणकास जोडला, लिनक्सने त्याला तत्काळ ओळखले, शोधाचा कार्यक्रम संपूर्ण पट्टा धुंडाळून परत आला. पण एकही वाहिनी सापडली नाही.

दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अपुऱ्या चौकशीचा होता. जमिनीवरील मनोऱ्यांतून अंकीय दूरचित्रवाणी प्रक्षेपित करण्याच्या युरोपात रूढ झालेल्या दोन पद्धती आहेत: पहिली डीव्हीबी-टी आणि तिची सुधारलेली आवृत्ती डीव्हीबी-टी२. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांतून जे अंकीय प्रक्षेपण सुरू केले, ते दुसऱ्या पद्धतीचे होते. त्या १६ शहरांत मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही होती, जयपूर नव्हते. माझा ट्यूनर मात्र पहिल्या पद्धतीचा. पहिली पद्धत जाणणाऱ्या यंत्राला दुसरी पद्धत मुळीच कळत नाही. जुने अनुरूप प्रक्षेपण पकडावे, तर तेही मोजकी ठिकाणे वगळता देशभर २०२१–२२ मध्ये बंद झाले आहे. तेव्हा वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, ट्यूनर घेण्यापूर्वी वेष्टनावरील चित्र न पाहता तो कोणती पद्धत जाणतो, त्याच्या आत कोणती चिप आहे आणि त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन ट्यूनरांत निरनिराळ्या चिप असू शकतात.

जमिनीवरचा मार्ग असा खुंटला, तरी आकाशाचा मार्ग मोकळा होता. दूरदर्शनची निःशुल्क उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती फ्री डिश या नावाने ओळखली जाते आणि सह्याद्री वाहिनी तीवर आहे. ती ज्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर भासतो. जयपूरहून पाहिले असता तो दक्षिणेकडून पूर्वेकडे सुमारे ३५ अंश वळून, क्षितिजापासून सुमारे ५३ अंश उंचीवर असतो. इतक्या उंचीवर नजर लावल्यावर पूर्वेच्या टेकड्यांचा अडथळा होत नाही. नागपूरहून दिशा जवळजवळ तीच राहते, पण उंची ६० अंशांच्या आसपास जाते. मुंबईहून मात्र पूर्वेकडे सुमारे ४९ अंश वळावे लागते. हे आकडे कोणाकडून मागून घेण्याची आवश्यकता नाही. गावाचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले, तर शालेय त्रिकोणमितीने ते काढता येतात. मावशीच्या नववीतील नातवाने ते कागदावर काढले आणि होकायंत्र व कोनमापक घेऊन डिश लावली. घरगुती डिश तिरप्या बैठकीची असते. ती समोर पाहते असे वाटले तरी तिची नजर बरीच वर असते. हे ध्यानात न आल्याने त्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा साधला.

डिशच्या मुखाशी जो लहान डबा असतो, तो सुमारे ११ गिगाहर्ट्झचे तरंग खालच्या कंप्रतेवर आणतो. कारण इतक्या उच्च कंप्रतेचा तरंग साध्या केबलमधून वाहताना फार क्षीण होतो. उदाहरणार्थ, ११,००० मेगाहर्ट्झच्या तरंगातून डब्यातील आंदोलकाचे ९,७५० मेगाहर्ट्झ वजा होऊन १,२५० मेगाहर्ट्झ उरतात, आणि ते केबलमधून खाली येतात. या डब्याला वीज त्याच केबलमधून द्यावी लागते: १३ व्होल्ट दिले तर तो उभ्या ध्रुवणाचे तरंग घेतो, १८ व्होल्ट दिले तर आडव्या ध्रुवणाचे. यूएसबीच्या खाचेतून केवळ ५ व्होल्ट मिळतात. म्हणून उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरला सामान्यतः वेगळा वीजपुरवठा लागतो. तो जोडण्यास विसरल्यास संगणकाला ट्यूनर दिसतो, पण ट्यूनरला आकाश दिसत नाही.

आता संगणकाकडे वळू. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला, आणि तो कोणासही वाचता येतो. २००३ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या २.६ या आवृत्तीत अंकीय दूरचित्रवाणीचे ड्रायव्हर समाविष्ट झाले. ट्यूनर जोडताच गाभा त्याचा ओळख-क्रमांक वाचतो व योग्य ड्रायव्हर बोलावतो. पुष्कळदा चिपला स्वतःचा एक छोटा कार्यक्रम हवा असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. तो ठरावीक जागी नसेल, तर गाभा आपल्या रोजनिशीत अमुक नावाची फाइल सापडली नाही, अशी नोंद करतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन ही रोजनिशी वाचता येते. सारे ठीक असल्यास ट्यूनराची तीन दारे संगणकात उघडतात: पहिल्यातून कंप्रता सांगावयाची, दुसऱ्यात एकत्र आलेल्या वाहिन्यांतून हवी ती निवडावयाची, आणि तिसऱ्यातून चित्र व ध्वनी यांचा प्रवाह घ्यावयाचा. त्यानंतर कंप्रता, ध्रुवण व संकेतांचा वेग देऊन शोध घेतला की वाहिन्यांची यादी तयार होते, आणि व्हीएलसी किंवा कॅफीन यांसारख्या कार्यक्रमातून चित्र दिसू लागते.

उपग्रहाचा ट्यूनर मागवून हे सारे जुळवण्यास तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हा काका म्हणाले, “अगं, बाजारातला डबा आणला असता, तर दहा मिनिटांत बातम्या लागल्या असत्या!” काकांचे म्हणणे खरे होते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्याला केवळ बातम्या पाहावयाच्या आहेत, त्याने डबाच घ्यावा. त्यात कमीपणा नाही. परंतु शाळेचे प्रयोजन केवळ बातम्या लावणे नव्हे. डब्याने चित्र दाखविले नाही, तर पडद्यावर ‘संकेत नाही’ एवढीच अक्षरे येतात आणि तेथेच चौकशी संपते. उघड्या यंत्रात मात्र डिशची दिशा, डब्याची वीज, ड्रायव्हर, फर्मवेअर, कंप्रता यांपैकी नेमके काय चुकले हे एकेक पायरी तपासून ठरविता येते. आमच्या तीन संध्याकाळींत त्या मुलाने भूगोल, त्रिकोणमिती, विद्युत् आणि संगणक हे चार विषय एका कामात गुंतलेले पाहिले. ही किंमत मला महाग वाटत नाही.

शिवाय या यंत्राचे व्यावहारिक लाभही आहेत. एकाच कंप्रतेवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून येतात. त्यामुळे एका ट्यूनरवर त्या समूहातील अनेक उघड्या वाहिन्या एकाच वेळी ध्वनिचित्रमुद्रित करता येतात, किंवा शाळेच्या अंतर्गत जाळ्यातून निरनिराळ्या वर्गांत पाठविता येतात. २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’ हा शैक्षणिक वाहिन्यांचा समूह जीसॅट-१५ वरूनच सुरू झाला. सकाळी प्रक्षेपित झालेला पाठ दुपारच्या तासाला दाखविता येणे, ही ग्रामीण शाळेच्या दृष्टीने लहान सोय नव्हे. इंटरनेटवर हे सारे मिळतेच, असे कोणी म्हणेल. परंतु तेथे प्रत्येक प्रेक्षकासाठी प्रवाह वेगळा पाठवावा लागतो. उपग्रहाचा तरंग मात्र एका डिशवर पडला काय आणि कोटी डिशवर पडला काय, प्रक्षेपकाचा खर्च तोच राहतो. आणि कोण काय पाहतो, याची नोंद तरंग ठेवीत नाही.

माझा पहिला, चुकलेला ट्यूनरही वाया गेला नाही. त्याच्या आतील आरटीएल-२८३२यू ही चिप मागवल्यास कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे धाडू शकते, असे २०१२ मध्ये फिनलंडचे आंती पालोसारी यांच्या ध्यानात आले. त्या शोधामुळे दूरचित्रवाणीसाठी बनलेली ही क्षुद्र वस्तू जगभर प्रयोगशील लोकांचे रेडिओ-उपकरण बनली. तिच्यावर एफएम केंद्रे ऐकता येतात, विमाने १,०९० मेगाहर्ट्झवर आपले स्थान सांगतात ते वाचता येते, आणि योग्य अँटेना व प्रवर्धक जोडल्यास आकाशगंगेतील हायड्रोजनचा १,४२० मेगाहर्ट्झचा क्षीण तरंगही नोंदविता येतो. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश ज्या हायड्रोजनचा वेध घेतात, त्याचीच ही बालबोध ओळख होय. यंत्र वाचता येत होते, म्हणूनच त्याचा दुसरा उपयोग सापडला. बंद पेटीच्या वाट्याला असा दुसरा जन्म क्वचितच येतो.

तथापि, यंत्र उघडे असले तरी त्याची माहिती वाचकाच्या भाषेत नसेल, तर ते त्याच्यापुरते बंदच राहते. याविषयी जयपुरानेच एक धडा घालून दिला आहे. १७२७ मध्ये हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती व टॉलेमीचे ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणले. त्याच जयसिंगाने उभारलेल्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि तिचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे २७ अंश आहे. त्या यंत्रात झाकलेले काहीच नाही. सावली कोठे पडली, हे कोणीही पायऱ्यांवर उभे राहून वाचावे. उघडे यंत्र आणि अनुवादित ग्रंथ ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, हे त्या दरबाराने जाणले होते. आज लिनक्सवरील ट्यूनराची माहिती पुष्कळ आहे, परंतु ती बहुतेक इंग्रजीत. गाभ्याच्या रोजनिशीतील नेहमीच्या नोंदींचे अर्थ मराठीत देणारी दहा पानांची पुस्तिका प्रत्येक ग्रंथालयात असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

शेवटी एक मुद्दा धोरणाचा. या साऱ्या उद्योगाचा पाया एकच आहे: सार्वजनिक प्रक्षेपणाचे तरंग कुलूपबंद नसणे. व्यापारी वाहिन्यांनी आपल्या मालाला कुलूप लावले, तर त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. परंतु जनतेच्या पैशाने चालणाऱ्या वाहिन्या विशिष्ट पेटीशिवाय उघडणार नाहीत, अशी व्यवस्था कधी झाली, तर प्रेक्षकाच्या हातातील यंत्र पुन्हा बंद पेटी होईल, आणि शाळेतील ट्यूनर शोभेचा राहील. म्हणून सार्वजनिक वाहिन्या उघड्या व प्रमाणित पद्धतीनेच प्रक्षेपित व्हाव्यात, आणि त्यांच्या कंप्रता व अन्य तपशील भारतीय भाषांतून नियमितपणे प्रसिद्ध व्हावेत, अशी मागणी शिक्षकांनी व ग्रंथपालांनी केली पाहिजे.

जवाहर नगरातील त्या घरी आता संध्याकाळी मराठी बातम्या लागतात. जोराच्या पावसात त्या कधीकधी तुटतात, कारण इतक्या उच्च कंप्रतेचे तरंग पावसाचे थेंब शोषून घेतात. तेव्हा तो मुलगा पेटीवर हात आपटत नाही; संकेताचा आकडा पाहतो आणि पाऊस ओसरण्याची वाट पाहतो.