टर्कीला मिठाचं पाणी किती तास?

दोस्तांनो, या वेळचं पत्र थेट न्यू जर्सीहून आलंय. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. तिची आजी इकडून आपले अंक जमवून ठेवते आणि कुणी तिकडे जाणारं भेटलं की त्यांच्या बॅगेत कोंबते. आजीला आधी नमस्कार!

तर प्रश्न असा. या वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण यांच्या घरी आहे. बारा माणसं येणार, आणि आईनं आजवर कोंबडीपेक्षा मोठा पक्षी कधी शिजवलेला नाही. भाजण्याआधी टर्की मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण किती वेळ? आईची ऑफिसातली मैत्रीण म्हणते सहा तास. पाककृतीचं पुस्तक म्हणतं चोवीस तास. शेजारच्या आजी म्हणतात चांगले दोन दिवस. आणि बाबा म्हणतात, सरळ पिझ्झा मागवू. खरं कुणाचं?

गंमत सांगू? बाबा सोडले तर तिघांचंही खरं असू शकतं. कसं, ते पाहू. आणि शाकाहारी दोस्तांनो, नाक मुरडून पान उलटू नका. तुमची काकडी आणि बटाटा यात आहेत.

थँक्सगिव्हिंग म्हणजे अमेरिकेतला आभार मानायचा सण. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळायचं जाहीर केलं आणि १९४१ च्या कायद्यानं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजतात. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला, पण त्याच्या नावाचा गोंधळ विचारू नका. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्की लोक त्याला म्हणतात ‘हिंदी’! फ्रेंचांनीही नाव देताना हिंदुस्थानच धरला. आणि पोर्तुगीज भाषेत तो ‘पेरू’. म्हणजे आपण मीठ-तिखट लावून खातो तो नव्हे बरं का! आपल्याकडेही हा पक्षी जुना पाहुणा आहे. १६१२ च्या सुमारास बादशहा जहांगीरच्या सरदारानं तो गोव्याहून नेला होता आणि मन्सूर या दरबारी चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

असो. पक्षी देखणा, पण भाजायला हट्टी. त्याची छाती जाड आणि त्यात चरबी फार कमी. तंगड्यांना शिजायला जास्त उष्णता लागते. त्या शिजेपर्यंत छातीचा पार भुसा होऊन जातो. म्हणून हे मिठाचं पाणी.

आता इथे हुशार मुलं हात वर करतील. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. म्हणून तर आई म्हणते, मीठ अगदी वाढताना घाल. मग मीठ काकडीतलं पाणी बाहेर काढतं आणि टर्कीत पाणी आत कसं घालतं?

फार चांगला प्रश्न. काकडीच्या पेशी जिवंत असतात. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला जाऊ देतो, पण मिठाला बराचसा अडवतो. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी आतून बाहेर पळतं. मांसातले पडदे मात्र आता पहारा करण्याच्या स्थितीत नसतात. तिथे मीठ हळूहळू सरळ आत शिरतं. आत स्नायूंच्या तंतूंमध्ये प्रथिनांच्या बारीक जुड्या असतात. मीठ त्या जुड्या सैल करतं, तंतू एकमेकांना दूर ढकलतात, मधल्या फटी रुंदावतात आणि तिथे पाणी जाऊन बसतं. अशा मांसाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत किंवा थोडं जास्तही वाढतं.

पुढे ओव्हनची उष्णता लागली की प्रथिनं आकसतात आणि ओला टॉवेल पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. मांसाचं साधारण वीस टक्के वजन असंच जातं. पण आधी दहा टक्के आत भरून ठेवलेलं असेल तर खरा तोटा निम्म्यावर येतो. शिवाय सैल झालेल्या जुड्यांना पूर्वीइतकं घट्ट पिळता येत नाही. छाती रसदार राहते ती यामुळे.

मग जास्त वेळ ठेवलं तर जास्त रसदार? नाही ना! मीठ आत जातच राहतं. प्रथिनं इतकी विरघळतात की मांस लिबलिबीत लागतं, आणि वर खारट. बारा पाहुण्यांसमोर खारट टर्की म्हणजे पाण्याचे जग भरता भरता आपल्या मैत्रिणीचे हात दुखणार. उलट दोन-तीन तासांतच बाहेर काढली तर मीठ कातडीखालीच रेंगाळतं आणि छाती कोरडीच्या कोरडी.

म्हणजे ‘किती तास’ हा प्रश्न एकट्यानं सुटतच नाही. त्याच्या जोडीला ‘पाणी किती खारं’ हे विचारावंच लागतं. पाणी जास्त खारं, तर वेळ कमी. पाणी सौम्य, तर वेळ जास्त. ऑफिसातल्या मैत्रिणीचं पाणी बहुधा कडक असणार, लिटरला ७५-८० ग्रॅम मिठाचं. त्यात चौदा पौंडांची टर्की पाच-सहा तासांत तयार होते. पुस्तकातलं पाणी त्याच्या निम्मं खारं असेल आणि टर्कीही मोठी असेल, तर चोवीस तास चालून जातात. आणि शेजारच्या आजींना एवढंच विचार, की तुम्ही बादली घेता का हो? मला वाटतं, त्या पाणी घेतच नसतील. नुसतं मीठ चोळून टर्की एक ते तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची, अशीही एक रीत आहे. मांसाचाच रस सुटतो, त्यात मीठ विरघळतं आणि परत आत मुरतं. तिथे दोन दिवस अगदी बरोबर. पण तेच दोन दिवस ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बादलीत लावले, तर संपलंच!

जाडीचंही एक गणित आहे. मीठ मांसात शिरतं ते रांगत रांगत. दुप्पट खोल जायचं तर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो. अमेरिकेत ‘पौंडाला एक तास’ असा एक ठोकताळा आहे. बारा-सोळा पौंडांच्या टर्कीला मध्यम खाऱ्या पाण्यात तो बरा चालतो. लहान कोंबडीला किंवा सुट्या तुकड्यांना तोच लावायला गेलात तर फसाल. आणि मीठ अगदी हाडापर्यंत पोचायलाच हवं असं नाही. भाजताना सगळ्यात जास्त तापतो आणि सुकतो तो बाहेरचा थर. तो सांभाळला तरी पुष्कळ.

पुस्तकात ‘एक कप मीठ’ लिहिलेलं असेल तर सावध! बारीक टेबल सॉल्टचा एक कप भरतो सुमारे २९० ग्रॅम. तिकडे कोशर सॉल्ट नावाचं भुसभुशीत मीठ मिळतं. त्यातल्या एका प्रसिद्ध प्रकाराचा कप जेमतेम १४० ग्रॅम भरतो. कप तोच, मीठ निम्मं! तेव्हा कप बाजूला ठेव आणि वजनकाटा काढ.

त्याच्याही आधी टर्कीच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाच. पुष्कळ टर्की दुकानात येण्यापूर्वीच खारं पाणी टोचलेल्या असतात, आणि पिशवीवर तसं छापलेलं असतं. कोशर टर्कीलाही मीठ लावलेलंच असतं. तसं असेल तर आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे शून्य तास. बादली धुऊन जागेवर ठेवून द्यायची.

नसेल, तर आपण उलटं मोजत येऊ. शास्त्रज्ञही रॉकेट सोडताना उलटंच मोजतात, आपण तर टर्की सोडतोय! गुरुवारी दुपारी तीनला जेवण. चौदा पौंडांची (म्हणजे साडेसहा किलोच्या आतबाहेरची) टर्की पोटात सारण न भरता ३२५ अंश फॅरनहाइटवर तीन ते पावणेचार तास घेते. भाजून झाल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग कापायची. म्हणजे सकाळी साडेदहाला ती ओव्हनमध्ये गेली पाहिजे. कातडी कुरकुरीत हवी असेल तर ती आधी सुकायला हवी. म्हणून बुधवारी रात्री दहालाच टर्की पाण्यातून काढायची, कागदी टॉवेलनं टिपायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवायची. आता पौंडाला एक तास या हिशेबानं चौदा तास मागे जा. बुधवारी सकाळी आठ! आई ऑफिसला निघण्याआधी टर्की पाण्यात बुडवायची आणि झोपण्याआधी बाहेर काढायची. यासाठी लिटरला ५० ग्रॅम मीठ घ्या. आठ लिटर पाण्याला ४०० ग्रॅम.

पण बुधवारी सकाळी टर्की दगडासारखी गोठलेली असेल तर? फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो वितळायला. म्हणून ती फ्रीझरमधून खाली यायला हवी शनिवारी रात्रीच. माझ्या मते या सबंध कामात लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे, मिठाशी नव्हे.

आता एक गोष्ट, जिथे मी जराही सूट देणार नाही. मीठ घातलंय म्हणजे मांस टिकेल, असं समजू नका. इतक्या मिठानं जंतू मरत नाहीत. चौदाच्या चौदा तास पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ४ सेल्सिअस) खालीच राहिलं पाहिजे. थोड्या गरम पाण्यात मीठ विरघळवून घ्यायचं, बाकीचं गार पाणी ओतायचं, सगळं पूर्ण थंड झालं की मगच टर्की आत. पातेलं फ्रिजमध्ये मावत नसेल तर झाकणाचा मोठा कूलर घ्या, त्यात बर्फाच्या बंद पिशव्या टाका आणि थर्मामीटरनं मधूनमधून पाहत राहा. बर्फ वितळून मीठ पातळ होऊ नये म्हणून पिशव्या बंद. टर्की नळाखाली खळखळून धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर जातात. वापरलेलं पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. आणि टर्की शिजली की नाही हे घड्याळाला विचारू नका. छातीच्या आणि मांडीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटरनं १६५ अंश (७४ सेल्सिअस) दाखवले की शिजली. ट्रेमध्ये जमलेला रस खारट असतो, त्याची ग्रेव्ही करताना आधी चव घ्या आणि मगच मिठाच्या डब्याकडे हात न्या.

इकडच्या दोस्तांसाठी हा प्रयोग. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन सळ्या कापा. एक साध्या पाण्यात, दुसरी अर्ध्या पेल्यात दोन चमचे मीठ घालून केलेल्या पाण्यात, दोन तास ठेवा. मग दोन्ही वाकवून पाहा. ज्यांच्याकडे चिकन होतं त्यांनी बिनहाडाचे सारखे दोन तुकडे घ्यावेत. पाव लिटर पाण्यात साडेबारा ग्रॅम मीठ घालून एक तुकडा त्यात ठेवायचा, दुसरा नुसताच, आणि दोन्ही दोन तास फ्रिजमध्ये. आधी, नंतर आणि तव्यावर पूर्ण शिजल्यावर असं तीनदा वजन करा. गॅसपाशी मोठं माणूस हवंच, आणि कच्च्या चिकनला हात लावला की साबणानं हात धुवायचे. बटाट्याचं पाणी कुठे गेलं आणि चिकनचं कुठे, ते आकड्यांसकट वहीत लिहा आणि मला पाठवा. न्यू जर्सीची वही सगळ्यात आधी हवी!