गोळी तिच्या हाती

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. सोलापूर जिल्ह्याला या दिवसाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आई-बाप एड्सने गेले आणि घरच्यांनी दोन चिमुरड्या मुलींना गोठ्यात ठेवले, हे पाहूनच पंढरपुरात मंगलताई शहांनी २००१ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘पालवी’ ही संस्था उभी केली. ती लेकरे जन्मताच बाधित होती. आज लागण होण्याआधीच रोज घ्यायची गोळी आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तरी कुजबुज होतेच: अशी गोळी मिळाली की माणसे मोकाट सुटतील, निरोध फेकून देतील.

हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा व्यभिचार माजेल असेच लोक म्हणत होते.

भीतीत तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. सिडनी-मेलबर्नकडच्या समलिंगी पुरुषांत गोळी आल्यावर निरोध नेमाने वापरणारे २०१३ ते २०१७ या काळात ४६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. पण एचआयव्हीची नवी लागणही घटली. गरमी आणि परमा मात्र या गोळीने टळत नाहीत. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी हवीच.

शेजारच्या कर्नाटकात, म्हैसुरात वेगळेच घडले. देहविक्रय करणाऱ्यांची संघटना असलेल्या अशोदया समितीच्या साडेसहाशेच्या आसपास महिलांनी गोळी घेतली. एकीलाही लागण झाली नाही, निरोधही सुटला नाही. या बायका कित्येक वर्षे संघटित होत्या. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्यांनी आधीच कमावले होते.

आपल्या हमरस्त्यालगत एकटीदुकटीने धंदा करणाऱ्या बाईचे काय? निरोध वापरायचा की नाही, हे गिऱ्हाईक ठरवते. जादा पैसे टेकवते, कधी हात उगारते. अशा वेळी तिचे वर्तन बिघडेल का, ही चर्चा आपण कशाच्या जोरावर करतो? गोळी गिळायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. ती गोळी, सोबत निरोध आणि तपासणीची तारीख, समुपदेशकाच्या टेबलावरून तिला मिळावी. तिथे तिच्या चारित्र्याची चौकशी होऊ नये.