पदवी हाती, वाट कोणती?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ उमेदवारांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष ५,८३,२१३ बसले, आणि अखेर नेमणुकीसाठी शिफारस झाली ती १,००९ जणांची. यशस्वी उमेदवारांचे सत्कार होतात आणि ते उचितच आहे. परंतु उरलेल्या लाखोंचे काय, हा प्रश्न सत्काराच्या गडबडीत कोणी विचारीत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पंचविशी ओलांडलेले किती तरी पदवीधर पहाटेपासून पुस्तकांत डोके घालून बसलेले दिसतात. त्यांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका येते ती त्यांच्या निवडीविषयी. इतर वाटा पाहून त्यांनी ही वाट धरली, की दुसरी वाट कधी दृष्टीसच पडली नाही म्हणून ते या वाटेला लागले?

आमच्या मते पुष्कळांच्या बाबतीत दुसरे उत्तर खरे आहे. मध्यमवर्गीय घरात डॉक्टर, इंजिनियर आणि सरकारी अधिकारी यांपलीकडचे व्यवसाय फार तर नावाने ठाऊक असतात. विमागणितज्ज्ञ, ग्रंथपाल, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा मृदाशास्त्रज्ञ दिवसभर नेमके काय करतो, हे पदवीच्या अखेरच्या वर्षातील किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? जे पाहिलेच नाही ते निवडणार कसे?

या उणिवेची जाणीव नवी नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी असे सुचविले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानले. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणीही सुरू झाली. परंतु चाचणी कल सांगते, कामाची ओळख करून देत नाही. मुलीला माणसांत रमणे आवडते एवढे प्रश्नपत्रिकेवरून कळेल. रुग्णालयातील रात्रपाळी तिला झेपेल की नाही, हे तेथे काही दिवस काढल्यावाचून कळणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही ओळख घडविण्याची संधी दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनुसार चौथ्या सत्रानंतर विद्यार्थ्याने ६० ते १२० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावयाचा आहे. हेतू स्तुत्य आहे. भीती आहे ती त्याच्या विडंबनाची. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून श्रेयांक पदरात पाडून घेणे कठीण नाही. शिवाय चौथे सत्र संपेपर्यंत तीन वर्षांच्या पदवीचा बहुतेक काळ सरलेला असतो. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला. पण कला शाखेच्या वर्गात ही वार्ता कोण सांगतो?

म्हणून महाविद्यालयांनी हे काम पहिल्या वर्षापासूनच अंगावर घ्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वर्षांत निदान तीन भिन्न कामाच्या जागी काही दिवस काढावेत, पाहिले ते लिहून काढावे आणि त्यावर प्राध्यापकाशी बोलावे. या प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार तेवढा हलका करावा लागेल. नाही तर योजना कागदावरच राहील. माजी विद्यार्थ्यांना स्नेहसंमेलनाचे पाहुणे म्हणून बोलावण्यापेक्षा त्यांच्या कार्यालयांची दारे उघडून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

गरीब विद्यार्थ्याला बिनपगारी अनुभव परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर साताऱ्यास १९४७ साली महाविद्यालय काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या योजनेने देऊन ठेवले आहे. अनुभवाला मोबदल्याची जोड द्यावी. तो खर्च शासन आणि उद्योग यांनी वाटून घ्यावा.

मार्गदर्शनाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. तो प्रश्न अर्थकारणाचा आहे आणि शासनाला त्यातून सुटका नाही. परंतु आहेत त्या वाटाही तरुणांना दिसू नयेत, हे दारिद्र्य पैशाचे नव्हे, आस्थेचे आहे. पालकांनीही एक पथ्य पाळावे : मुलगा काय होणार हे विचारण्याआधी त्याने काय काय पाहिले, हे विचारावे. स्पर्धा परीक्षेची वाट वाईट नाही. मात्र ती डोळसपणे धरलेली असावी, आणि तिच्यावरून परतावे लागले तर दुसरी कोणती, हे पहिल्या पावलापूर्वीच ठाऊक असावे. गेलेले पैसे परत मिळविता येतात. विशीतली पाच वर्षे कोणताही आयोग परत देत नाही.