वेतनश्रेणी नावाची संहिता

परिघावरच्या माणसाविषयी आपली समीक्षा अखंड बोलत असते. पण तो माणूस तिच्याच विभागात, शेजारच्या खुर्चीवर बसलेला आहे, याचे भान तिला नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ची. तेथे मराठीचा आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक एकाच वेतनश्रेणीत मोडतो. विद्याशाखांमधली ही समता मोलाची आहे. बाजाराने ती कधीच दिली नसती. विषमता आहे ती पदांच्या उतरंडीत. १९८६च्या श्रेणीत अधिव्याख्याता २,२०० रुपयांवर आणि प्राध्यापक ४,५०० वर सुरू होई. अंतर दुपटीच्या आसपास. २०१६पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत हेच आकडे ५७,७०० आणि १,४४,२०० झाले, अंतर अडीचपट. तरीही ही उतरंड निदान चढता येते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाला पायरीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवले. म्हणजे ही कमाल मर्यादासुद्धा कायम सहायक प्राध्यापकाच्या आरंभीच्या मूळ वेतनाखालीच राहते.

हा प्रश्न समीक्षेचाही आहे. तास मोजला की बोलणे मोजले जाते, वाचन मोजले जात नाही. शिकवायची कादंबरी पुन्हा वाचण्यात गेलेल्या रात्री कोणत्याच देयकात बसत नाहीत. सत्तासंबंधांवर चर्चासत्रे भरवणाऱ्या विभागप्रमुखांनी आधी आपल्या विभागाचे वेळापत्रक आणि वेतनपत्रक शेजारी ठेवून वाचावे. तेवढे वाचन जमत नसेल, तर परिघावरील निबंध छापण्याचा आग्रह त्यांनी धरू नये.