भाव लावताना भारतीय, तक्रार करताना कुठलेच नाही

गेल्या वर्षी एका सेलच्या दिवसांत न्यू जर्सीतल्या आतेभावाचा मेसेज आला. "अरे, तुमच्याकडे हा गेम जवळपास निम्म्या किमतीत दिसतोय. तू रुपयांत घे आणि मला गिफ्ट कर. पैसे टाकतो तुझ्या खात्यात." दादाचा पगार माझ्या पगाराच्या किती पट आहे, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. तरी मी इमानेइतबारे प्रयत्न केला. ऑनलाइन दुकानाने कळवलं की दोन देशांतल्या किमतींत फार फरक आहे, त्यामुळे ही भेट पाठवता येणार नाही. दादा चिडला. "म्हणजे आम्ही इथे जास्त पैसे भरून तुमच्या गेम्सना सबसिडी द्यायची. बरंय."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण 'सबसिडी' हा शब्द डोक्यात राहिला, कारण तो एकट्या दादाचा नाही. भारतात कुठल्याही गेमची किंमत वाढली की आपलीच पोरं लिहितात, 'इतके दिवस स्वस्त मिळत होतं ना, आता रडू नका.' म्हणजे स्वस्त मिळत होतं ते कुणाच्या तरी कृपेने, आणि कृपा संपली तर तक्रार करायची नाही. मला हा समज मुळातच खोटा वाटतो. आणि तो खोटा असूनही आपण मान्य केल्यामुळे आपण भांडतोय ते चुकीच्या गोष्टीवरून.

आधी कृपेचं बघू.

गेम बनवायला अफाट खर्च येतो, पण तो एकदाच. बनून झाल्यावर पुढची एक प्रत विकायला कंपनीला जवळजवळ काही लागत नाही. कारखाना नाही, जहाज नाही, गोदाम नाही. त्यामुळे नाशिकच्या पोराने दिलेले हजार रुपये हे न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेले नसतात. तो गेम परवडला नसता तर कंपनीला त्याच्याकडून शून्य मिळालं असतं. आता शून्याच्या जागी हजार मिळाले. यात कुणी कुणाला सबसिडी दिली?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या पायरेटेड सीड्यांचा जमाना तुमच्यापैकी काहींनी पाहिला नसेल, पण घरात काका-मामांना विचारा. तेव्हा भारतात गेम खेळणारे भरपूर होते, विकत घेणारे मात्र फार थोडे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा प्रमुख गेब न्यूवेल २०११ सालीच म्हणाला होता की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न असतो. चोरापेक्षा चांगली सेवा द्या, लोक पैसे देतील. २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. लोकांनी खरंच पैसे द्यायला सुरुवात केली. हा शुद्ध धंदा आहे, आणि तो धंदा म्हणून उत्तम आहे. त्याबद्दल आपण कुणाचे ऋणी नाही.

शिवाय ही 'स्वस्ताई' सगळीकडे आहे असंही नाही. प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेम्सची किंमत होती ४,९९९ रुपये. अमेरिकेत तेच गेम ७० डॉलरला. तेव्हाच्या दराने हिशेब केला तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो आणि अमेरिकेत राज्याचा कर वेगळा लागतो, हे मान्य. पण आता दुसरं गणित करा. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, तेही २००९ पासून न वाढलेलं. म्हणजे तिथला सगळ्यात कमी मिळवणारा माणूस दहा तासांच्या आत त्या गेमचे पैसे कमावतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ४,९९९ रुपयांसाठी सोळा दिवस राबायला लागतं. कुणी म्हणेल, रोजगार हमीवरचा माणूस प्लेस्टेशन कशाला घेतोय? बरोबर आहे, तो घेत नाही. त्याचा मुलगा फोनवर फुकटचा गेम खेळतो आणि त्यातली एक स्किन घ्यायला बापाचा ओटीपी मागतो. किंमत ठरवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

तर फरक असणं हा अन्याय नाही. उलट सगळ्या जगाला एकच किंमत लावणं हाच मोठा अन्याय झाला असता. मग वाद कशाचा आहे?

वाद कुंपणाचा आहे. वेगवेगळ्या किमती टिकवायच्या तर मध्ये कुंपण लागतं. नाहीतर दादासारखे लोक स्वस्त बाजूने उचलून महाग बाजूला नेणारच. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे कुंपण ओळखीचं आहे. त्यांच्या पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं असतं की ही स्वस्त आवृत्ती फक्त भारतीय उपखंडात विकायची. पण पुस्तकाचं कुंपण कच्चं असतं. अमेरिकेत शिकणाऱ्या सुपाप किर्तसाएंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिकडची स्वस्त पुस्तकं मागवली आणि अमेरिकेत विकली. प्रकाशक कोर्टात गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीररीत्या छापलेलं पुस्तक एकदा विकत घेतलं की ते तुमचं. पुढे कुणाला विकायचं ते तुम्ही ठरवा.

डिजिटल गेमच्या बाबतीत हे 'तुमचं' गायब होतं. तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेता. कॅलिफोर्नियाने ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला लावणारा कायदा केला, तेव्हा कुठे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तसं लिहिलं. परवाना विकता येत नाही, मुलाला देता येत नाही, दुसऱ्या देशात पाठवता येत नाही. हे कुंपण पक्कं आहे आणि त्याचं दार फक्त कंपनीच्या बाजूने उघडतं. कंपनीला स्वस्तात काम करून घ्यायला जगातला कुठलाही देश चालतो. गिऱ्हाइकाला स्वस्तात घ्यायला मात्र त्याचाच देश.

तरीही मी कुंपण मोडा म्हणणार नाही. कुंपण मोडलं की काय होतं ते अर्जेंटिना आणि तुर्कस्तानने भोगलंय. या दोन देशांत गेम अतिशय स्वस्त होते, म्हणून श्रीमंत देशांतले लोक व्हीपीएन लावून, खोटा पत्ता देऊन तिथले 'रहिवासी' झाले. त्यात दोन्हीकडची चलनं कोसळत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हने गेम बनवणाऱ्यांसाठी सुचवलेल्या किमतींचा तक्ता बदलला आणि या दोन चलनांतले आकडे चौपटीहून जास्त वाढवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेसो आणि लिरा बंदच केले आणि तिथल्या लोकांना डॉलरमध्ये किमती दाखवायला सुरुवात केली. कंपनीने कारण दिलं चलनाच्या चढउताराचं. पण ब्वेनोस आयरेसच्या पोराचा पगार काही डॉलरमध्ये व्हायला लागला नाही. परदेशी जुगाडू लोक पुढचा स्वस्त देश शोधायला निघून गेले आणि बिल तिथल्यांच्या गळ्यात पडलं. दादा, हे तुझ्यासाठी.

पोलंडची गंमत वेगळी. २०२२ च्या त्याच तक्त्यात झ्लॉटीचा आकडा ठरला तेव्हा झ्लॉटी फार पडलेला होता. पुढे तो सावरला. आकडा मात्र बराच काळ तिथेच राहिला. परिणामी कित्येक गेम्ससाठी पोलिश गिऱ्हाईक जर्मन माणसापेक्षाही जास्त मोजत होता. किंमत ठरवताना चलन पडल्याचं दुःख कंपनीला लगेच होतं, सावरल्याचा आनंद व्हायला वर्षं लागतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. मला राग किमतीतल्या फरकाचा नाही. राग याचा आहे की भाव लावताना मी भारतीय असतो आणि तक्रार करताना मी कुठलाच नसतो.

भाव लावताना कंपनीला माझ्याबद्दल सगळं कळतं. माझा देश, माझं चलन, माझं कार्ड, माझं यूपीआय, माझा जीएसटी. माझी ऐपत किती याचाही तिने अंदाज बांधलेला असतो. पण माझे पैसे कापले गेले आणि वस्तू मिळाली नाही, की मी एकदम देशाबाहेर जातो. मागे एका मोबाइल गेममध्ये पैसे गेले, पॅक आलाच नाही. अकरा दिवस मी एका यंत्राशी पत्रव्यवहार करत होतो. ते दर वेळी माझे आभार मानायचं आणि धोरणाचं तेच पान पाठवायचं. त्या धोरणात लिहिलं होतं की वाद झाल्यास अमुक परदेशी शहरातल्या कायद्यानुसार निवाडा होईल. दोनशे रुपयांच्या पॅकसाठी मी व्हिसा काढायचा होता.

हा युक्तिवाद कोर्टात टिकतो का? ऑस्ट्रेलियाने तपासून पाहिलं. तिथल्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हवर दावा केला, कारण कंपनी गिऱ्हाइकांना सांगत होती की रिफंड मिळत नाही. कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या करारावर वॉशिंग्टन राज्याचा कायदा चालतो आणि आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही. तिथे तिची बावीस लाखांच्या आसपास खाती होती. कोर्टाने ते ऐकून घेतलं नाही. २०१६ च्या शेवटी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, आणि २०१८ पर्यंत वरची सगळी दारं वाजवूनही कंपनी हरली. दावा चालू असतानाच, २०१५ च्या जूनमध्ये, स्टीमने जगभरासाठी रिफंडची सोय आणली. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. आज आपण जो रिफंड सहज घेतो, त्याच्यामागे कोर्टात उभ्या राहिलेल्या एका देशाच्या सरकारी यंत्रणेचा रेटा होता.

आणि आपण काय करतो? निगेटिव्ह रिव्ह्यू टाकतो. मीम बनवतो. तेही अगदी फुकट जात नाही. मे २०२४ मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स २' खेळायला प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं. ते नेटवर्क ज्या देशांत नाहीच, अशा १७७ देशांत स्टीमवर गेमची विक्री थांबली. जगभरातून निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि काही दिवसांत सोनीने सक्ती मागे घेतली. जल्लोष झाला. पण विक्री थांबलेल्या देशांपैकी बऱ्याच ठिकाणी तो गेम त्यानंतरही कितीतरी महिने विकत मिळत नव्हता. गोंगाट जिंकला, पण ज्यांचा बाजार लहान ते देश बाहेरच राहिले. गोंगाटाची ताकद गर्दीवर अवलंबून असते. कायद्याची ताकद एकट्या माणसालाही मिळते.

तो कायदा आपल्याकडे आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की भारतात स्थापन न झालेली, पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू-सेवा पुरवणारी कंपनीही या नियमांखाली येते. रुपयांत किंमत लावणं आणि यूपीआयने पैसे घेणं याहून पद्धतशीर काय असतं? तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं, हे त्यातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. परदेशी कंपनीकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेणं सोपं नाही, हे मला कळतं. पण ज्या देशातून एकही तक्रार नोंदली जात नाही, त्या देशासाठी कुठली कंपनी माणूस नेमेल?

मागण्या फार नाहीत. रुपयातली किंमत वाढवणार असाल तर आधी तारीख सांगा आणि कारण सांगा. चलन सावरलं तर किंमतही खाली आणा. भारताच्या नावाने भाव लावता, तर भारतात तक्रार ऐकणारा माणूस बसवा, यंत्र नव्हे. पेस्टच्या ट्यूबवरसुद्धा आपल्याकडे छापील किंमत असते आणि खाली तक्रारीसाठी पत्ता असतो. चार हजारांच्या गेमला तेवढंही नसावं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला आणि तो जगभर विकला गेला. म्हणजे आपण या बाजारात फक्त गिऱ्हाईक नाही, दुकानदारही आहोत. उद्या ब्राझीलच्या एखाद्या पोराने पुण्यात बनलेल्या गेमबद्दल तक्रार केली, तर त्याला 'आमच्या शहरातल्या कोर्टात या' असं उत्तर जाऊ नये. आज आपण जे मागतोय ते उद्या आपल्यालाही पाळावं लागेल, आणि ते बरंच आहे.

दादाला मी शेवटी उत्तर पाठवलं. "सबसिडी कुणी कुणाला देत नाहीये. तू तुझ्या ऐपतीचं भरतोस, मी माझ्या. फरक एवढाच आहे की तुझा गेम बिघडला तर तुझं ऐकायला तुझ्या देशात कुणीतरी आहे." त्याने अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने, "पण सेल कधी संपतोय रे?"